लोखंडी बार चिरून, भट्टीत तापवून क्रॉस करायचाय? आधी हे वाच

अरे भावा, सुरुवातीला पानं-वेलबुट्टी विसर. २० मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ पोलाद) चौरस बार घे, १०० मिमीचा तुकडा. एका टोकाकडून मधोमध ६५ मिमी उभा चीर दे, मग बार पाव फेरा फिरवून दुसऱ्या टोकाकडून तेवढाच. दोन्ही चिरा मध्ये ३० मिमी एकमेकींवर येतात आणि तिथेच उघडल्यावर मधली जाळी होते. चीर वाकडी गेली की एक हात जाड, एक बारीक, मग कितीही ठोक, म्हणून आखणी नीट कर, घाईत ग्राइंडर फिरवू नको.

चिरा उघडताना नारिंगी ताव हवा, म्हणजे बार नारिंगी दिसेपर्यंत तापलेला. माझा पहिला क्रॉस मंद लाल असतानाच छिन्नी घालून फाकवला नि चिरेच्या बुडाशी टचकन तडकला, अजून वसईच्या घरी खिळ्याला लटकवलाय 😄

- जस्त चढवलेला बार भट्टीत टाकायचाच नाही, धूर बाधतो.
- टीएमटी सळई (बांधकामातली) फुकट मिळाली तरी नको.
- गरम काम पाण्यात बुडवू नको, आपोआप निवू दे.

खालचा लांब हात शेवटी ऐरणीवर ताणून काढ. आणि आपल्याकडची खारी हवा माहितीये ना, मेण वितळेल इतपत गरम असतानाच मधमाशीचं मेण चोळ, नायतर पावसात चार दिवसांत तांबूस. पीळ-बीळ नंतर सांगतो, आधी पाच साधे कर.