डर्मॅटॉलॉजिस्टला ग्लोबल हेल्थमध्ये काम करायचं असेल तर मेंटॉर आणि लीडरशिप ट्रेनिंग खरंच लागतं का?

हो, लागतंच, कारण रेसिडेन्सीत आपण समोरच्या एका पेशंटचं निदान करायला शिकतो पण अख्ख्या जिल्ह्याचा विचार कसा करायचा हे कुणी शिकवत नाही. खरजेचंच बघा ना, २०१७ मध्ये डब्ल्यूएचओने ती दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतली. एकाला मलम देऊन भागत नाही, खाज नसली तरी घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं, आणि साथ असेल तर पूर्ण वस्तीला आयव्हरमेक्टिन (खरजेचे किडे मारणाऱ्या गोळ्या), मग त्या गोळ्यांचा साठा, गरोदर बायका नि लहान मुलांना ती न देता दुसरं काय द्यायचं, आरोग्य खात्याला कसं पटवायचं, हे सगळं आलंच. इथे नुसतं स्किनचं ज्ञान पुरत नाही.

मेंटॉर शक्यतो दोन ठेवा, एक रिसर्चवाला आणि एक जिथे काम करायचंय तिथलाच. दुसरा जास्त महत्त्वाचा, माझं तर ठाम मत आहे. टांझानियात मोशीला १९९२ पासून रीजनल डर्मॅटॉलॉजी ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे क्लिनिकल ऑफिसर्सना, म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेल्या पण पेशंट तपासणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना, दोन वर्षं त्वचारोग शिकवतात आणि ते आपापल्या भागात जाऊन ओपीडी चालवतात, शिवाय पुढच्यांना शिकवतात. चार आठवडे जाऊन परत येणाऱ्या पाहुण्या डॉक्टरपेक्षा हे कितीतरी टिकतं.

सुरुवातीला ग्लोडर्मचा (ग्लोबल हेल्थमध्ये काम करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) मेंटॉरशिप प्रोग्राम बघा, आणि मेल टाकताना ‘मला मार्गदर्शन करा’ एवढंच नको, नेमका प्रश्न लिहा.