अफवेतलं कार्ड आणि बिटांचा हिशेब

येऊ घातलेल्या ग्राफिक्स कार्डाची फुटलेली माहिती वाचून खरेदी लांबवण्याआधी हिशेब लावून बघ. जीडीडीआर६ या प्रकारच्या ग्राफिक्स मेमरीची चिप ३२ बिट रुंदीची असते, १ किंवा २ जीबीची. म्हणजे १९२ बिट बसवर (मेमरीला कार्डाच्या प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गावर) सहा चिप, एकूण ६ किंवा १२ जीबी. दोन्ही बाजूंना चिप लावल्या तर दुप्पट. जीडीडीआर७मध्ये ३ जीबीच्याही चिप आहेत, म्हणून १८ जीबीही जमतात. पण १९२ बिटवर १६ जीबी कुणी लिहिलं, तर ती बातमी बाजूला ठेव.

मेमरीचा वेगही काढता येतो: बसची रुंदी गुणिले पिनचा वेग (एका पिनमधून सेकंदाला जाणारे गिगाबिट), भागिले ८. आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) या कार्डाला ३६० जीबी प्रति सेकंद, त्यानंतरच्या ४०६० ला २७२. मात्र ४०६०ची कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) बरीच मोठी आहे, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देऊ नकोस.

नौपाड्यातल्या दुकानात गेलास की खोका उलटून बघच. जीटी १०३० हे कार्ड एकाच नावाने जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन रूपांत विकलं गेलं. पहिल्याचा वेग ४८ जीबी प्रति सेकंद, दुसऱ्याचा जेमतेम १७. ग्राहकाची ही सरळ फसगत आहे. "दोन जीबी आहे" एवढ्यावर पैसे काढू नकोस, मेमरीचा प्रकार स्वतः वाच.