बेळगावात एकच दिवस आहे, किल्ल्यानंतर जुन्या बाजारपेठेत जावं का?

पुण्याहून येताय, हातात एकच दिवस आहे आणि किल्ला पाहून झाल्यावर बाजारात काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा, आणि जमलं तर शनिवारीच या. त्या दिवशी आठवडी बाजार असतो. खेड्यापाड्यातली माणसं सकाळीच माल घेऊन गणपत गल्लीत येऊन बसतात.

किल्ल्यातून बाहेर पडलात की बसस्थानकावरून खडेबाजार चालत गाठता येतो. गाडी आत नेऊ नका. तिथून नरगुंदकर भावे चौकात या. नरगुंद संस्थानचे राजे बाबासाहेब भावे यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं, त्यांचा पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना बेळगावातच फाशी झाली. भर बाजारातल्या चौकाला त्यांचं नाव आहे याचा आम्हाला अभिमान वाटतो. तिथं दोन मिनिटं थांबा.

मग गणपत गल्लीत निवांत फिरा. नवरात्राच्या सुमारास आलात तर पश्चिमेकडच्या गावांतली रताळी दिसतील, लाल माती अजून अंगाला चिकटलेली. विकणारी मावशी तुमच्याशी मराठीत भाव करेल, पलीकडच्या गिऱ्हाइकाशी त्याच दमात कन्नडमध्ये. "घ्या की ओ, सकाळीच काढल्यात" असं म्हणाली तर घ्याच.

बाहेरून आलेले बहुतेक जण कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, घेतात आणि परत जातात. कुंदा घ्या, पण रविवार पेठेत जाऊन इथला बासमती आणि मसूरही मागा. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या काळ्या शिवारात आधी भात होतं आणि कापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर मसूर येतो. दाणा बारीक, शिजायला हलका. तांदूळ मूठभर हातात घ्या, त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि वास घ्या. वास आला नाही तर दुसरं दुकान बघा. हे शिवार प्लॉट आणि रस्त्यांखाली जातंय, म्हणून मला वाटतं की आलेल्या माणसानं हे धान्य मुद्दाम मागून न्यावं. गिऱ्हाईक असेल तर शेतकरी पेरेल.

जवळच किर्लोस्कर रोड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान बेळगावातच होतं. १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. पांगुळ गल्लीत अश्वत्थाम्याचं देऊळ आहे, असं देऊळ सहसा कुठं बघायला मिळत नाही.

साडी घ्यायची असेल तर रेल्वेमार्गापलीकडच्या शहापूरला जा. ते स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळे तिथली पेठ स्वतंत्र वाढली, आणि तिथंही एक खडेबाजार आहे. रिक्षावाल्याला नुसतं खडेबाजार म्हणू नका, शहापूरचा की बेळगावचा ते आधी सांगा.