गुडघेदुखीवर धमनीतून उपचार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई 62 वर्षांची आहे. आयुष्यभर मांडी घालून विड्या वळल्या. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेत झीज ग्रेड 3 (चारपैकी तिसरी पायरी). मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. गुडघ्याची रक्तवाहिनी बंद करून दुखणं कमी करतात असं कळलं. रक्तच बंद केलं तर पाय वाळणार नाही का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. पायाला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला हात लावत नाहीत. झिजलेल्या सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्या सुजेत नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत वेदना पोचवणारे मज्जातंतूही वाढतात. जेनिक्युलर आर्टरी एम्बोलायझेशन (गुडघ्याच्या धमनीच्या फांद्यांत बारीक कण सोडून रक्त कमी करणं) या उपचारात रोख असतो तो या नको असलेल्या वाहिन्यांवर. जपानचे डॉ. युजी ओकुनो आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये गुडघ्याच्या झिजेवरचे आपले पहिले अनुभव प्रसिद्ध केले.

हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे पडद्यावर एक्स-रे पाहत नळीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. कॅथलॅबमध्ये (अशा प्रक्रियांच्या खास खोलीत), फक्त जांघेतली जागा बधिर करून एक बारीक नळी धमनीत सरकवतात. तिच्यातून एक मिलिमीटरहूनही बारीक मायक्रोकॅथेटर गुडघ्याभोवतीच्या फांद्यांपर्यंत नेतात. डाय (एक्स-रेत रक्तवाहिन्या दाखवणारं औषध) सोडला की सुजलेला भाग पडद्यावर टीपकागदावर फुटलेल्या शाईसारखा दिसतो. रुग्ण बोटाने दाखवतो ती दुखरी जागा आणि हा डाग जुळला, तरच त्या फांदीत कण सोडायचे. साधारण 100 ते 300 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हे कण पातळ करून थेंबाथेंबाने देतात आणि डाग पुसला गेला की थांबतात. फांदी पूर्ण बंद होईपर्यंत कण सोडत राहणं ही चूक, कारण त्याच फांद्या कातडीला आणि हाडालाही रक्त पुरवतात. म्हणूनच प्रक्रियेदरम्यान गुडघ्यावर बर्फ ठेवतात: कातडीच्या वाहिन्या आकसतात आणि कण तिकडे कमी जातात. एवढं करूनही काहींच्या गुडघ्यावर जांभळट चट्टे उठतात. बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत जातात, क्वचित व्रण होतो.

एका गुडघ्याला एक ते दोन तास लागतात. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडायचं, बहुधा त्याच दिवशी घरी. चार-पाच दिवस घागर उचलायची नाही, उकिडवं बसायचं नाही. सुरुवातीला दुखणं थोडं वाढलं तर घाबरू नका. पण जांघेतून रक्त येणं, बोटं गार किंवा निळी पडणं, चट्टा काळा होणं यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आईंना मधुमेह आहे म्हणून आधी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या) तपासा, कारण डायचा भार मूत्रपिंडावर येतो. मेटफॉर्मिन कधी थांबवायचं, कधी सुरू करायचं हे त्या आकड्यावरून डॉक्टर ठरवतील. पायाची नाडी लागते का, हेही पाहायला हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका.

गुण किती येतो? दुखणं कमी होतं, झिजलेली कुर्चा परत येत नाही. बऱ्याच रुग्णांना महिन्या-दोन महिन्यांत आराम वाटतो. मात्र काहींना खरी आणि काहींना नुसती दिखाऊ प्रक्रिया करून तुलना केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. नेदरलँड्समधल्या चाचणीत चार महिन्यांनी दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: आधी तीन महिने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नेमाने करून बघा. उताणं झोपून पाय सरळ उचलायचा, पाच सेकंद धरायचा, असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. वजन जास्त असेल तर तेही उतरवा. आणि विड्या वळताना तंबाखूचं सूप मांडीवर न घेता टेबलावर ठेवून खुर्चीत बसा. एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल, तर हा उपचार विचारात घ्यावा.

प्रश्न : आयुष्मान कार्डावर होईल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : गृहीत धरू नका. प्रक्रियेचं पूर्ण नाव सांगून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून मंजुरी भरती होण्याआधीच लेखी घ्या. खर्च विचारताना कण आणि मायक्रोकॅथेटर धरून आकडा मागा, नाहीतर बिलात ते वेगळे लागतात.

प्रश्न : वडिलांचे पाय गुडघ्यात बाहेर वाकलेत, ग्रेड 4 आहे. चालेल का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : हाडावर हाड घासत असेल आणि पाय वाकला असेल तर याचा गुण कमी येतो. वय आणि हृदय साथ देत असेल तर सांधेबदलच योग्य. भूल देणं धोक्याचं असेल, तर मात्र दुखणं सुसह्य व्हावं म्हणून हा पर्याय रेडिओलॉजिस्टकडे जरूर विचारा.