बफर टोचलेल्या पानातही पीआर-१ का वाढते?

प्रश्न : अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या पानांत स्यूडोमोनास सिरिंगे हा जिवाणू सोडून २४ तासांनी मी क्यूपीसीआरने (आरएनएचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीने) पीआर-१ या संरक्षक जनुकाची अभिव्यक्ती (ते किती सक्रिय आहे) मोजली. जिवाणू दिलेल्या पानांत ती बरीच वाढली, पण नुसते बफर (जिवाणू नसलेले द्रावण) दिलेल्या पानांतही थोडी वाढ दिसली. मग माझ्या निष्कर्षावर विश्वास ठेवावा का? (संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : ठेवता येईल, मात्र आधी त्या थोड्या वाढीचे कारण शोधायला हवे. बिनसुईच्या सिरिंजने पानात द्रव घुसवताना पेशी दबतात आणि फाटतात, आणि या इजेलाच झाड प्रतिसाद देते. इजेमुळे प्रामुख्याने जॅस्मोनिक आम्ल या संप्रेरकाचा मार्ग जागा होतो, तर पीआर-१ सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाच्या मार्गाने चेतते. त्यामुळे बफरच्या पानांतील वाढीला इतरही कारणे असू शकतात. जुन्या, पिवळट होऊ लागलेल्या पानांत पीआर-१ आपोआप वाढते, आणि लागण झालेल्या झाडांतून निघणारे मिथाइल सॅलिसिलेट (सॅलिसिलिक आम्लाचे बाष्परूपात पसरणारे रूप) हवेतून शेजारच्या झाडांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून हात न लावलेल्या पानांचा तिसरा गट ठेवावा, तिन्ही गटांची पाने एकाच वयाची घ्यावीत, गट एकमेकांपासून दूर ठेवावेत आणि सर्व नमुने दिवसाच्या एकाच वेळी तोडावेत, कारण संरक्षक जनुकांवर झाडाच्या दैनंदिन घड्याळाचाही परिणाम होतो. तोडलेले पान लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावे; तोडल्यावरही प्रतिसाद चालूच राहतो.

माझ्या मते मोजणीतली सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्या स्थिर पातळीशी तुलना करून बाकीची जनुके मोजतात ते. ॲक्टिनचे जनुक सगळेच वापरतात म्हणून आपणही वापरणे पुरेसे नाही. लागणीमुळे त्याचीच पातळी हलली, तर पीआर-१ चा सगळा हिशेब चुकतो. किमान दोन संदर्भ जनुके तुमच्याच नमुन्यांत स्थिर आहेत का, हे तपासावे. क्यूपीसीआर अभिक्रियेची कार्यक्षमता १०० टक्के असेल, म्हणजे दर चक्राला डीएनए दुप्पट होत असेल, तर ३ चक्रांचा फरक म्हणजे ८ पट वाढ. कार्यक्षमता कमी असेल तर ८ हा आकडा फुगलेला ठरतो, म्हणून प्रत्येक प्रायमर-जोडीचा (जनुक ओळखणाऱ्या डीएनएच्या दोन छोट्या तुकड्यांचा) प्रमाण वक्र, म्हणजे ज्ञात प्रमाणांच्या नमुन्यांवरून कार्यक्षमता दाखवणारा आलेख, काढावा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारे विकर) न घातलेला नमुनाही चालवावा, म्हणजे आरएनएच्या नमुन्यात जीनोमिक डीएनए (झाडाचे मूळ डीएनए) मिसळले आहे का, ते कळेल.

आरएनए वाढले म्हणून तितकेच प्रथिन तयार झाले असे होत नाही, तेव्हा पीआर-१ प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखण्याची चाचणी) त्याच पानांच्या गोठवून कुटलेल्या, उरलेल्या भुकटीतून करून पाहावा.