नृत्यावरच्या प्रबंधात बटलर कुठे घालू?

बारा वर्षं भरतनाट्यम शिकलात, आता मुंबईत एम.ए. करताय, प्रबंधाचा विषय 'नृत्य, अस्मिता आणि शरीर'. लिंगभावावर लिहिणाऱ्या ज्युडिथ बटलर आणि शरीर-सत्तेवर लिहिणारे मिशेल फूको वाचून डोकं गरगरतंय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी याच वाटेवर तोंडावर आपटलोय, म्हणून लिहितो. लावणीवरच्या माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण चाळीस पानांचं होतं. मार्गदर्शक बाईंनी ते परत दिलं आणि एवढंच विचारलं, "यात नाचतंय कोण?" खरंच, चाळीस पानांत एकही पाऊल पडलं नव्हतं.

बटलरबाईंच्या बाबतीत बहुतेकांची एक गफलत होते. 1990 साली त्यांनी मांडलं ते 'स्त्रीत्व ही एक भूमिका' असं नव्हे. भूमिका संपली की मेकअप उतरवता येतो. त्या बोलतात ते रोज पुन्हापुन्हा केल्याने अंगवळणी पडणाऱ्या वागण्याबद्दल. (आपला हा शब्दच बघा, त्यात अंगही आहे नि वळणही.) फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉसने 1934 च्या व्याख्यानात एक गंमत सांगितली होती. न्यूयॉर्कच्या इस्पितळात नर्सांची चाल त्याला ओळखीची वाटली. मग आठवलं, ही तर सिनेमातली! पॅरिसला परतला तर तिथल्या मुलीही तशाच चालत होत्या. आपल्या सोसायटीच्या गणपतीत लावणी करणाऱ्या मुली बघा. त्यांनी संगीत बारी (लावणीचा पारंपरिक खेळ) पाहिलेली नसते, टीव्हीवरची स्पर्धा पाहिलेली असते.

बैठकीच्या लावणीत बाई बसून एकच ओळ चार-पाच तऱ्हांनी फिरवते, समोरच्या एकाच माणसाकडे बघून. त्याच बाईंना मी दादरच्या नाट्यगृहात पाहिलं, तेव्हा नजर थेट बाल्कनीत. शब्द तेच, पण मान, खांदे, सगळंच बदललेलं. माझा प्रबंध खरा तिथे सुरू झाला.

तुम्ही स्वतःच्या अरमंडीपासून, म्हणजे भरतनाट्यमच्या त्या अर्ध्या बैठकीपासून, सुरू करा. तुमचे गुडघे असे वाकायला कुणी शिकवलं, आणि त्याआधी कुणाचे वाकत होते? 1935 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल, ब्राह्मण घरातल्या, हा नाच घेऊन रंगमंचावर आल्या. ज्या देवदासींनी तो जपला, त्यांच्या मंदिरातल्या नाचावर 1947 च्या मद्रास कायद्याने बंदी आली. नाच सोवळा झाला, नाचणाऱ्या बदलल्या. लावणीतली जात आणि लैंगिकता यांवर समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1995 मध्ये लिहिलंय, ते बटलरच्या आधी वाचा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुंबईत राहून डान्सबारचं प्रकरण सोडू नका. 2005 च्या बंदीत थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे कंबर तीच, गाणं तेच, पण गिऱ्हाईक कोण यावर अश्लीलता ठरणार. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. वरच्या वर्गाची ती करमणूक आणि खालच्यांची अनीती, हे गृहीतकच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात धुडकावलंय. शरीर आणि सत्ता यांवर इतकं सरळ लिहिलेलं फूकोतही सापडत नाही. निकालपत्र मिळवून वाचाच.

कलाकारांकडे जाल तेव्हा पहिल्या दिवशी रेकॉर्डर काढू नका. मी काढला होता. बाईंनी चहा दिला, विड्याचं तबक पुढे केलं, आणि दोन तास फक्त पावसापाण्याचं बोलल्या.