नवशिके, नवखे की नवागत?

प्रश्न असा आला आहे: प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांच्या गटात नव्या मंडळींच्या विभागाला 'नवशिके' नाव दिले, ते एका सदस्येला खटकले. आदराचा शब्द कोणता?

'नवशिका' हा शब्द मुळात वाईट नाही. 'नवशिक्यांसाठी पायथन' असे पुस्तक आपण आनंदाने उचलतो, कारण तिथे ती ओळख आपली आपण घेतलेली असते. दुसऱ्याने 'तू नवशिका आहेस' म्हटले की तोच शब्द बोचतो. 'नवशिक्या चालकाने गाडी ठोकली' अशा वाक्यांतून या शब्दाला चुकांचा वासही लागला आहे. खटकले ते योग्यच होते, असे मला वाटते.

मला सर्वांत जवळचा वाटतो 'नवखा'. याची खुबी अशी की तो माणसालाही लागतो आणि जागेलाही. 'मी या गावात नवखा आहे' आणि 'हे गाव मला नवखे आहे', दोन्ही बरोबर. म्हणजे नवखेपण माणसाच्या कुवतीत नसते, त्याच्या आणि विषयाच्या नात्यात असते. वीस वर्षे हिशेब सांभाळलेली बाई लिनक्स या संगणक प्रणालीला नवखी असेल, पण म्हणून ती कच्ची ठरत नाही.

'नवोदित' इथे बसत नाही. उदित म्हणजे उगवलेला. नवोदित कवीच्या कविता लोकांसमोर आलेल्या असतात. 'शिकाऊ'ला उमेदवारीचा, कुणाच्या तरी हाताखाली असण्याचा रंग आहे. सोय मात्र मोठी, लिंगाप्रमाणे रूप बदलत नाही. 'कच्चा लिंबू' लाडाने म्हणत असाल तरी टाळाच. खेळात कच्चा लिंबू बाद झाला तरी धरत नाहीत, म्हणजे त्याचे असणेच मोजत नाहीत. 'नूब' तर गेमिंगमधून आलेली सरळ हेटाळणीच.

विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीत नव्यांना चावू नका अशा अर्थाचे मार्गदर्शन आहे. तिथल्या 'न्यूकमर' या शब्दाला आपला 'नवागत' चपखल बसतो: नुकता आलेला, एवढेच. किती येते याबद्दल त्यात अवाक्षर नाही. स्वागताच्या संदेशात तो शोभेल, बोलताना जड जाईल.

विभागाला मात्र माणसांचे नाव देऊच नका. गिटहब या प्रोग्रॅम मिळून लिहिण्याच्या संकेतस्थळावर सोप्या कामांना 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे पहिल्यांदा हाती घ्यायला चांगले काम, अशी खूण लावतात. ती खूण कामावर असते, करणाऱ्यावर नाही. तुमच्याकडे 'सुरुवात इथून' आणि 'पायाभूत प्रश्न' एवढी दोन नावे पुरतील. नवखे, नवखी, नवख्या असा लिंगवचनाचा घोळही मग उरणार नाही.